पाचशे मीटरच्या आत

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस! चिंचवड स्टेशनाजवळ ऑफिस. नवा कारखाना येण्याआधी आसपासची हवा, पाणी, माणसं तपासून सरकारला अहवाल द्यायचा, हा आमचा धंदा. मला, परंड्याच्या पोरीला, आल्या आल्या स्वतंत्र काम मिळालं. चाकणपलीकडच्या माळावर घातक कचरा जाळण्याचा कारखाना होणार आहे, तिथला सर्व्हे करायचा. आमचे वरिष्ठ सयाजी सर, त्यांनी पेढे मागितले. थेरगावच्या खोलीवर येऊन आईला फोन केला. पोरगी अधिकारी झाली म्हणून तिनं गल्लीभर सांगितलंय. आता कोण समजावणार तिला!

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नियोजित कुंपणापासून तीनशे पावलांवर ठाकर आदिवासींची वस्ती आहे. दारोदार जाऊन एकतीस घरं मोजली, घराघराचा फॉर्म भरला. कुडाच्या भिंती, वर पत्रे, अंगणं सारवलेली. दुर्गाबाई नावाची आजी दिवसभर माझ्यासोबत फिरली. तिला प्रत्येक घरातलं तान्हं पोरसुद्धा नावानं ठाऊक. खालच्या कंपन्यांच्या धुरानं इथली पोरं आधीच खोकतात. गावाला धूर नगं म्हनून आमच्या उशाला आनत्यात, आमी काय मानसं न्हाई व्हय, असं तिनं विचारलं. मार्चमध्ये जनसुनावणी आहे, तिथे बोला, असं मोठ्या तोऱ्यात सांगून आले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अहवाल गेला, आणि घोळ झाला. आमच्याकडे नवा अहवाल कोऱ्या पानावर कुणी लिहीत नाही. जुना एखादा उघडायचा आणि नावं-गावं बदलायची. मीही तेच केलं. ‘पाचशे मीटरच्या आत लोकवस्ती’ या रकान्यातलं जुनं ‘शून्य’ तसंच राहिलं. पाठवल्यावर दिसलं. धावत सरांकडे गेले, तर ते हसले. राहू दे, म्हणाले, एकतीस लिहिलं तर परवानगी लटकेल. वर हेही सांगितलं की खाली सही माझी आहे. चूक माझी आणि सोय त्यांची. संताप संताप झाला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

माफी मागायला वस्तीवर गेले. सव्वीस घरं. तीनदा मोजली. पाच घरांच्या जागी गुडघाभर जुनं गवत, ना चूल, ना खांबाचा खड्डा. कुणी पाडली का, विचारलं. दुर्गाबाई म्हणाली, काय बी आलं न्हाई, कोन बी आलं न्हाई. सकाळी उठून बघतो तर न्हाईत. तिला घेऊन पोलीस चौकीत गेले. त्यांनी अहवालाचा कागद पाहिला. तिथे कुणी राहतच नव्हतं तर हरवलं कोण, म्हणाले. कागद माझाच होता.

सोमवार, ३ मार्च

चौदा घरं. सरकारी कचेरीत आज चौथा खेटा. दुरुस्तीसाठी बाधित माणसाचा अर्ज लागतो. बाधित कोण? अहवालात ज्याची नोंद आहे तो. अहवालात शून्य! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. निदान सर्व्हेचे फॉर्म तरी दाखवावेत म्हणून ऑफिसातलं कपाट उघडलं. एकतीसच्या एकतीस कोरे. मी भरले होते, निळ्या शाईनं, माझ्या हातानं. सर म्हणाले, सुट्टी घे चार दिवस.

मंगळवार, ११ मार्च

जनसुनावणी झाली. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. दुर्गाबाई माईकवर पाच मिनिटं बोलली. पोरांचा खोकला, गेलेली घरं, सगळं. कुणी मान वर केली नाही. मग सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? ती समोरच उभी होती! कारकुनानं लिहिलं, हरकत नाही. मी ओरडले, ती बघा, ती बोलतेय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे एकानंही नाही. भीती वाटली. राग त्याहून जास्त आला — आणि राग कुणावर काढायचा, सही तर माझी.

शनिवार, १५ मार्च

एकच घर उरलं. दुर्गाबाईचं. मी खोलीवर परत गेले नाही, इथेच राहिले. मी समोर बसून पाहत असले तर कसं जाईल — पाहत राहायचं, बस. ती म्हणते, पोरी, तू जा घरी, तू तर त्या कागदातली न्हाईस. पण मी आता पाचशे मीटरच्या आत आहे. आईला फोन लागतो. ती नुसतं हॅलो, हॅलो करते आणि ठेवून देते —

रविवार, १६ मार्च, दुपार

लिहिल्यानं गेली, तर लिहिल्यानं राहतील. नावं लिहून ठेवते. आजी सांगतेय. पहिलं घर धोंडीबा, त्याची सून पूनम. दुसरं गेनूचं. तिसरं तानाबाई, तिची दोन पोरं — पोरांची नावं — आजी, जरा सावकाश —

आजी?

गवत. माझ्या मांडीवर वही, आणि सगळीकडे गवत. बाजूला कोऱ्या चहाचे दोन कप, वाफ येतेय. कुणी केला — नावं कोण सांगत होतं मला — वर लिहिलंय, आत्ताच लिहिलंय, पुसट झालंय, वाचता येत नाही —

इथे माणसं राहतात. एकतीस घरं. मी स्वतः मोजली आहेत. खाली सही माझी. मी, जय—