गच्चीवरचा टॉवर

आप्पा, आपल्या गच्चीवर आता मोबाइलचा टॉवर आहे. जागा काकांनी दिली. तुमच्यामागं केबल तेच चालवतात, आणि त्यांना वाटलं की फायदाच होईल: "टॉवर घरावरच आला की सिग्नल घरचाच की गं!" टॉवर सुरू झाला त्याच दुपारी मलकापुरात आपली केबल असलेल्या प्रत्येक घरातलं चित्र फुटलं.

रविवारी कोल्हापुराहून मोजणीचं यंत्र घेऊन गेले. उपग्रहाच्या सिग्नलमधला अडथळा कमी करणं हेच माझं नोकरीतलं काम. गच्चीवर केबलचं चित्र पकडणाऱ्या तुमच्या मोठ्या डिशजवळ उभी राहिले आणि आठवलं, लहानपणी मी तिच्या मधल्या, सिग्नल झेलणाऱ्या डब्यासमोर हात धरला होता. "ए, हात काढ! आभाळ झाकलंस की!" तुम्ही ओरडलात. मग आईला तिथं हात धरायला लावून मला खाली टीव्हीसमोर बसवलंत, चित्र कसं जातं ते बघायला.

उपग्रहाचा सिग्नल छत्तीस हजार किलोमीटरवरून येतो, पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो. टॉवर तर डिशला खेटून. मी डब्यात फिल्टर बसवला. चित्र आलं. "बघा, दादाची पोरगी हाय!" काका खाली शेजाऱ्यांना ओरडून सांगत होते, तोवर ते पुन्हा फुटलं. टॉवरची स्वतःची लहर फिल्टरनं अडते, पण त्यातलं थोडं उपग्रहाच्याच पट्ट्यात झिरपतं. ते गाळायचं तर चित्रही गाळलं जातं. डिश परसात उतरवावी तर उपग्रहाच्या दिशेला, दक्षिणेला, शेजारचा नवा बंगला आड येतो. टॉवरचा करार मोडता येत नाही. मी काकांना आकडे दाखवले आणि केबल बंद करा म्हणाले.

"बंद करून करू काय? ह्या वयात शिरोलीला जाऊन फौंड्रीची वाळू चाळू?"

मी यंत्र पिशवीत भरत राहिले.

"दादानं काढला असता मार्ग. व्हय का न्हाय?"

"त्यांनाही जमलं नसतं," मी म्हणाले.

काका पान्हा घेऊन डिशचे नट सैल करायला बसले.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, काकांनाही दाखवणार नाही. त्या दिवशी मी जे सांगितलं ते सगळं मोजून सांगितलं. ते तुमच्याबद्दलचं शेवटचं वाक्य सोडून.