सोबत मागणारा बाराक

आप्पा, मागच्या रविवारी निपाणीच्या आपल्या ख्रिस्ती देवळात धाकटीनं संदेश दिला. कानडीत. मी तिच्या शेजारी उभं राहून तिचं एकेक वाक्य मराठीत सांगितलं. तुम्ही असता तर पहिल्या बाकावर बसून डोळे पुसले असतेत, आणि ते तिच्याकडे बघून पुसले असतेत, हे मला नक्की माहीत आहे. म्हणून लिहितेय.

महिला रविवारचा संदेश यंदा मी देणार, असं मी मनात धरून बसले होते. अनगोळच्या खोलीत शिकवण्या आटोपल्या की तयारी करायचे. कुणी सांगितलं नव्हतं, पण बाराकाची गोष्ट मी तुमच्याकडून शिकले होते, शाळेचं तोंड बघायच्याही आधी. तुम्ही वखारीतून येता, तंबाखूचा वास जाईपर्यंत हात घासता आणि मगच पवित्र शास्त्र उघडता. आई भाकऱ्या थापत असते. इस्राएलाचा सेनापती बाराक; दबोरा संदेष्ट्री त्याला लढाईला जा म्हणते. तो म्हणतो, तू येशील तर जाईन, नाहीतर नाही. ती म्हणते, येते, पण या लढाईत नाव एका बाईचं होईल, तुझं नाही. इथं तुम्ही थांबता, बोट पानावर. "मग? गेला का न्हाय?"

"गेला."

"व्हय. नाव मिळणार न्हाय हे कळूनबी गेला. तेवढं ध्यानात ठेव गं."

चुलीपासून आई म्हणते, "बाराक गेला न्हवं? मग तुमी बसा आता जेवायला. भाकरी निवाली."

मी ध्यानात ठेवलं, आप्पा. जरा जास्तच ठेवलं. मला मराठी शाळेत घातलंत आणि धाकटीला कानडी, तेव्हाही मी काही बोलले नाही. घरात एक तरी कचेरीत कानडी बोलणारं पाहिजे, म्हणाला होतात. आज ती सरकारी शाळेत शिकवते आणि मी घरोघरच्या पोरांना. मंडळीतल्या तरुणांनाही आता कानडीच सोयीची. पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, मलाच विचारतायत. ते म्हणाले, "संदेश तुमची बहीण देईल. तुम्ही मराठीसाठी उभ्या ऱ्हावा. म्हाताऱ्यांना कानडी जमत न्हाय ओ." मी बघते म्हणाले. मग मला राग आलाय की हेवा वाटतोय, आणि दोन्हीत मोठं पाप कुठलं, याचा विचार करत खडेबाजारात गेले आणि काय घ्यायला आले तेच विसरून परत आले. तेवढ्यात धाकटीचा फोन.

"आक्का, तू शेजारी उभी ऱ्हाणार असशील तरच मी बोलणार. न्हायतर त्यांना न्हाय म्हणून सांगते."

"तुला कशाला माझी गरज? सरकारी बाई तू."

"लई बोलू नको. येणार का न्हाय, तेवढं सांग."

माझ्या एका नकारानं तो संदेश तिचाही झाला नसता. नकार जिभेवर आला होता, आप्पा. येते म्हणाले, ते चांगुलपणानं नव्हे. नाव मिळणार नसलं तरी जायचं असतं, हा तुमचा धाक होता, एवढंच.

विषय तिनं आधी सांगितला नव्हता. उभी राहिली आणि पहिलाच शब्द म्हणाली, बाराक. माझा बाराक! हातातलं शास्त्र मी घट्ट धरलं. पण तिचा बाराक वेगळाच निघाला. कानडी शाळेत पोरं तिच्या बोलण्याला हसायची, ती जाणार नाही म्हणून दारात बसायची, आणि तुम्ही रोज वखारीला जायच्या आधी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला जायचात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला सोडायला कधी आला नाहीत. उशीर होतो म्हणायचात. त्या वाटेवर तुम्ही तिला सांगितलंत की बाराक भित्रा नव्हता; एकट्यानं जमणार नाही हे त्यानं तोंडानं कबूल केलं. मला नावाशिवाय जाणारा बाराक दिलात आणि तिला सोबत मागणारा. एकाच गोष्टीतला मऊ तुकडा तिच्या ताटात.

आणि तो मला मराठीत सांगायचा होता. आपल्या देवळात कानडीचा मराठीत उलथा करणारा 'ती म्हणते' असं म्हणत नाही. तिचं 'मी' ते माझंही 'मी'. म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मी घाबरले होते. आप्पांनी माझा हात धरला आणि म्हणाले, सोबत मागायला लाजू नको गं." म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघून पदरानं डोळे पुसायला लागल्या.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. पाळकसाहेबांनाही सांगणार नाही. तुम्हाला मात्र सांगते. तुम्ही हात धरल्याचं ते वाक्य धाकटीनं एकदाच म्हटलं होतं. मी मराठीत दोनदा म्हटलं. तिला कळलं असणार, कारण माझं दुसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत ती थांबली.