दोन कुलपांची खोली

"शू…" आईच्या हाकेआधी मला हाच आवाज आठवतो. वडील रात्रपाळीला काचेच्या भट्टीवर, दिवसा झोपलेले, खोली एकच. आम्हा भावांच्या खेळण्यातल्या लाकडी गाडीच्या चाकांना आईने चिंध्या बांधल्या होत्या. तिला तरी काय बोल लावणार? त्यांची झोपमोड म्हणजे भट्टीवर डुलकी, आणि डुलकी म्हणजे हात भाजणे.

मी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा निवृत्त जुळारी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

एक. राहती खोली मुलाला व सुनेला. दोघेही कष्टाळू आहेत.

दोन. माझी शाळेतली कवितांची पुस्तके शेजारच्या शिंप्याच्या मुलीला. मला आवाज आहे, हे मला गुरुजींनी कविता म्हणायला उभे केले तेव्हा कळले. "मोठ्यानं म्हण, बाळा. इथं शेवटचा बाक सोडला तर कुणी झोपलेलं नाही."

तीन. मागची खोली माझी आणि धाकट्या भावाची, निम्मी निम्मी. वाटणीवरून फाटले तेव्हा त्याने कुलूप लावले, वर मी माझे लावले. ते भांडणही आम्ही कुजबुजतच केले. शेजाऱ्यांना वाटले, खलबत चालले आहे. तेव्हापासून आत फक्त पाली नांदतात.

चार. माझी नात आता तिसरे वर्ष पुरे करील. मुलगा रात्रीचा पहारेकरी, दिवसा इथेच झोपतो. सून कामावर निघताना पोरीला "शू" करून जाते. पोर बाहुलीसुद्धा अलगद ठेवते. तोंडातून शब्द नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कान ठणठणीत आहेत, आजोबा. तिच्याशी बोला, तिला ओरडू द्या." कुठे ओरडू द्यायचे? मी गोष्ट सांगतो तीही नुसती ओठांनी.

सबब मागच्या खोलीतला माझा हिस्सा व माझी किल्ली नातीला. तिथे तिने डबे बडवावेत, बोंब ठोकावी. एका किल्लीने ते दार उघडणार नाही, हे मला कळते. पण धाकट्यापुढे माझी जीभ उचलत नाही.

ठिकाण: राहती खोली. दिनांक: आजचाच. दुपार, मुलगा झोपला आहे.

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी. सही केली.

साक्षीदार दुसरा: दवाखान्यातला कंपाउंडर. शिंपी म्हणतो, बोलावला आहे.

दार वाजले. कंपाउंडर नव्हे, धाकटा. एका हातात चपला, लहानपणी घरात शिरताना घ्यायचा तशा. दुसऱ्या हातात किल्ली.

"दादा," तो कुजबुजला, "शिंपी सांगत होता, पोरगी बोलत नाही म्हणून. खरं का?"