बुटांचं काय ते बघा, आप्पा

सातारा, ३ एप्रिल २०२५

ती. धुळाआप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

मोबाईलनं मन भरकटतं म्हणून अकादमीत त्याला बंदी आलीय, म्हणून हे पत्र. आमच्या मनाची तयारी करून घ्यायला नवे शंभूराज सर आलेत. त्यांच्या मते पळणाऱ्याचं बळ पायात नसतं, संस्कृतीत असतं. माझ्याबरोबर पळणाऱ्या धैर्यशीलच्या घरचा ऊस, म्हणून त्याला उसाच्या कांडक्यासमोर ध्यानाला बसवलं. त्यानं ते खाल्लं. मी धनगराची म्हटल्यावर तर सर हरखलेच! तुमची परंपरा आण म्हणाले.

आप्पा, वीस तारखेला आठशे मीटरची निवड आहे. दोघींनाच राज्य स्पर्धेला नेणार, आणि रेषेवर उभं राहिलं की मला उलटं घराकडं पळत सुटावंसं वाटतं. काहीतरी पाठवा, नाहीतर सर मला घोंगडं पांघरून पळवतील.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी पुतणी,
प्रांजल

कवठे महांकाळ, ९ एप्रिल

चि. प्रांजलस लय लय आशीर्वाद.

अगं बये, शर्यतीआधी आपल्यात काय करत्यात? घाबरत्यात! जत्रंत ढोलावर गजी नाचायला उतरताना मीबी अजून आदी पळवाट बघून ठिवतो. तुज्या सरांचा फोन आलता. वाडवडलांचं गुपित सांगा म्हणाले. आमी म्हटलं, गुपित न्हाई, ढोल हाय. जत्रंतल्या ढोलाचं रेकॉर्डिंग त्यांच्याच मोबाईलवर धाडलंय. ढोल घुमला की पायताण काढायचं, ही रीत तुला ठावं हायच. हरलीस तरी घरची भाकरी कुणी बंद करत न्हाई.

माया हाय तशीच हाय,
धुळाआप्पा

सातारा, २१ एप्रिल

ती. आप्पांस शि. सा. न. वि. वि.

निवड झाली! मी रेषेवर, आणि सरांनी भोंग्यावर तुमचा ढोल लावला. हात आपसूक बुटांकडे गेले. दुसरा बूट निघतोय तोच पिस्तूल वाजलं. घाबरायला सवडच मिळाली नाही. खडी टोचत होती, मनातल्या मनात सरांना शिव्या घालत पळाले आणि दुसरी आले.

पण आता सरांनी सगळ्यांचेच बूट कपाटात कोंडलेत. अनवाणी पळणं ही म्हणे आपली प्राचीन विद्या. माझ्या टाचा फोडांनी भरल्यात, तरी राज्य स्पर्धेला मी अशीच पळणार, असं त्यांनी जाहीर केलंय. रडले तर म्हणाले, मन शुद्ध होतंय. आप्पा, मला बूट पाहिजेत हो.

तुमची,
प्रांजल

कवठे महांकाळ, २६ एप्रिल

चि. प्रांजलस आशीर्वाद.

तुज्या आईनं गल्लीभर साखर वाटली. रडू नगंस. सरांनी मला परंपरेचा जाणकार म्हणून भाषणाला बोलावलंय. गुरुवारी येतोय, ढोल घिऊन. भर दुपारी तुमच्या डांबरी अंगणात वाजवणार. पायताणाची रीत सरांनाबी लागू हाय. तुजे बूट तुज्या हातात पडंपतूर ढोल थांबणार न्हाई.

जिवाला जप,
धुळाआप्पा