आण्णांचा शेवटचा शब्द

२ फेब्रुवारी १९९८
आलो एकदाचा कोल्हापुरात! क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी आणि शिवाजी पेठेत तालमीसमोर ऐसपैस खोली. पुण्यात एवढ्या भाड्यात खिडकीसुद्धा मिळाली नसती. खाली राहणाऱ्या चिमणाबाई दोन वेळचा डबा देणार. तालमीतल्या कृष्णातनं माझी ट्रंक एका हातानं वर आणली आणि पावणं, काय लागलं तर हाक मारा की, असं ओरडून गेला. इथे प्रेमसुद्धा ओरडूनच करतात.
तालमीच्या भिंतीवर फळा आहे. आकाराम आण्णा नावाचे निवृत्त मास्तर त्यावर रोज सकाळी एक जुना, कुणी वापरत नाही असा इंग्रजी शब्द लिहितात. अर्थ दुसऱ्या दिवशी. तोवर पैलवान आणि दूधवाले तर्क लढवत बसतात. आज होता 'लॅटिब्युलेट'. मला येईना, आणि हे मी कुणाला सांगणार नाही.

४ फेब्रुवारी
लॅटिब्युलेट म्हणजे कोपऱ्यात दडून बसणं. त्यासाठी वेगळा शब्द कशाला लागतो, देव जाणे.
दुपारी जेवत होतो, तर आण्णा उंबऱ्यावर. बोलले काहीच नाहीत, नुसते उभे. मी ताट संपवलं आणि मान वर केली, तर गेलेले. कृष्णातला सांगितलं तर तो पोट धरून हसला. जेवताना कुणी आलं तर या जेवायला म्हणायचं असतंय, समोरचा होऊ द्या म्हणतो आणि विषय संपतो, पुण्यात हे शिकवत न्हाईत व्हय, म्हणाला. मला रागच आला. डबा एकाचा. तो खरंच बसला तर?

६ फेब्रुवारी
आण्णा गेले. सकाळी शब्द लिहून घरी परतले आणि अंथरुणावर पडले ते उठलेच नाहीत. चिमणाबाई डोळे पुसत सांगत होत्या, एकटा जीव, चूल पेटवायचा नाही, कुणी बोलावलं तर जेवायचा, पण तोंडानं कधी मागितलं नाही.
पेठेत निधनाची बातमी त्याच फळ्यावर लिहितात. माझं अक्षर बरं म्हणून खडू माझ्या हातात दिला. मी फळा घाईत पुसला आणि लिहिलं. आधीचा शब्द वाचलासुद्धा नाही.

८ फेब्रुवारी
पंचगंगेवर रक्षाविसर्जन. कावळा शिवेना. भाच्यानं घर सांभाळतो म्हटलं, कुणी काय, कुणी काय. ऊन चढलं. शेवटी कृष्णात ओरडला की आण्णा, शेवटच्या शब्दाचा अर्थ राहिलाय न्हवं, हे नवीन मास्तर सांगतील, माझी जबान! आणि कावळा झपकन उतरला.
सगळे माझ्याकडे हात जोडून बघायला लागले. शब्द कुणालाच आठवत नाही. संध्याकाळी फळ्यावर ठोकून दिलं: 'ओव्हरमॉरो', म्हणजे येणारा परवा. पेठ खूश. सुटलो बाबा.

९ फेब्रुवारी
दुपारी घास घशाखाली उतरेना. कुणी ताटाकडे बघत असलं की कळतं ना, तसं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. भाकरी तशीच परत पाठवली. चिमणाबाई रागावल्या.

११ फेब्रुवारी
दोन्ही वेळा तेच. आता उंबऱ्यावर नाही. आत. कोपऱ्यात.
हॉटेलात गेलो, मिसळ मागवली. एकटाच होतो. पोऱ्या नव्हे, मालकानं स्वतः पाणी आणलं — दोन ग्लास.

१४ फेब्रुवारी
पँट कमरेला राहत नाही. चहासुद्धा उलटून पडतो. कृष्णातनं दंड धरून विचारलं, आण्णांचा खरा शब्द तोच होता न्हवं? मी व्हय म्हटलं. भीती वाटते आहे, खूप.

१५ फेब्रुवारी
फळ्यावर तिरपं ऊन पडलं की पुसलेलं वर येतं. माझ्या अक्षरांखाली त्यांची अक्षरं — जी. मग आर. शेवटी के.

१६ फेब्रुवारी
ग्रोक.
लायब्ररीत इंग्रजी बोलीभाषांच्या जुन्या कोशात सापडला. ग्रोक: कुणी जेवत असताना, आपल्यालाही बोलावतील या आशेनं मुकाट बघत राहणं.
अरे देवा. भुकेले होते हो ते. दारात आले होते माझ्या.
अर्थासकट फळ्यावर लिहिला. चिमणाबाईंनी कुणाकडून तरी वाचून घेतला आणि पायरीवरच बसल्या.

१७ फेब्रुवारी, दुपार
अर्थ लिहूनही कोपरा तसाच. ताट वाढलंय. एक घास — नाही.
एकदा म्हणून टाकतो. रीत आहे. ते होऊ द्या म्हणतील, विषय संपेल. कृष्णातच म्हणाला होता.

म्हटलं. मोठ्यानं. या जेवायला, आण्णा.

होऊ द्या म्हणालेच नाहीत —
मोरीत तांब्या वाजला. हात धुतायत —
ओली पावलं. ताट माझ्यासमोरून सरकलं —
डबा एकाचाच होता. संपला.
अजून बघतायत. ताटाकडे नाही. माझ्याकडे —