बायोडेट्यातला पगार

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत मी एकदाही कागद घेऊन बसले नाही. आज बसले, कारण भीती वाटतेय आणि ती सांगावी असं माणूस घरात उरलेलं नाही. रविवारी मारुंजीचे पाहुणे आपल्या कल्याणीला बघायला येणार आहेत. माणसं चांगली आहेत म्हणे. मला त्यांची भीती नाही हो, आपण त्यांना काय सांगून बसलोय त्याची आहे.

झालं असं, की कल्याणीच्या कॉलेजनं एक सर्व्हे काढला. आर्किटेक्ट होऊन बाहेर पडलेली मुलं कुठे लागली, पगार किती, असा. नव्या ॲडमिशनच्या जाहिरातीत तो भाऊजींनी मोबाइलवर पाहिला. त्यातला सरासरीचा आकडा त्यांना इतका आवडला, की त्यांनी तो उचलून कल्याणीच्या बायोडेट्यात टाकला. तिचा पगार म्हणून! तिला विचारलं नाही, मला विचारलं नाही, आणि मारुंजीला पाठवूनसुद्धा दिला.

मी म्हटलं, "भाऊजी, एवढा पगार नाही हो तिला."

ते हसले. "वैनी, कालिजनंच छापलंय न्हवं? तितं शिकलेल्यांचा रेट हाय त्यो. आज न्हाई तर उद्या मिळंलच की!"

रेट! तुमच्या भावाला एकट्याला तरी काय बोलू? आपल्या माण गावात सगळे असेच बोलतात. एकाची खोली चढ्या भाड्यानं गेली, की दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीचा तोच भाव. तुम्ही काय वेगळे होतात? गच्चीवरची खोली कंपनीच्या साहेबानं घेतली, तर तुम्ही येईल त्याला तेच भाडं सांगायचात. मागच्या दोन खोल्यांना महिनोन् महिने कुलूप असायचं, त्यांचं नाव तरी कधी काढलंत का?

मी विषय तिथेच सोडला. पाण्याचा टँकर, वायरमन, भाडेकरूंची पोलीस चौकीतली कागदपत्रं, सगळं भाऊजीच बघतात. ते उद्या फिरले तर मी कुणाच्या दारात जाऊ?

काल संध्याकाळी कल्याणी जेवायला बसली. बायोडेट्याचं बोलायला जीभ उचलेना, म्हणून आधी सर्व्हेचाच विषय काढला. म्हटलं, मला नीट समजावून सांग.

"आई, ती सरासरी आहे गं. आमच्या बॅचमध्ये दोघा-तिघांचे वडील बिल्डर. ती मुलं घरच्याच ऑफिसात बसली, पगारही घरचाच. त्यांच्यामुळे सगळ्यांचा आकडा वर गेलाय. मधल्या कुणाचा पगार बघितलास तर घाबरशील."

मी चष्मा लावून तिच्या मोबाइलवर त्या जाहिरातीखालची बारीक अक्षरं वाचली. 'उत्तर दिलेल्या विद्यार्थ्यांवर आधारित.'

"म्हणजे गं काय?"

"ज्यांनी कळवलं तेवढेच मोजलेत. बाकीचे सोडून दिले."

आपल्या मागच्या खोल्याच डोळ्यांपुढे आल्या माझ्या. भाव सांगताना आपण रिकाम्या खोल्या कुठे धरतो? मी विचारलं, "आणि बाकीच्यांनी का नाही कळवलं?"

तिचा घास हातातच राहिला. "लाज वाटते म्हणून, आई. मीपण नाही कळवलं."

अहो, मग तिनं सगळं सांगितलं. ज्या ऑफिसात ती रोज बस बदलून जाते, तिथे दिवाळीपासून पगारच नाही! साहेब म्हणतात, शिकायला मिळतंय ना? अनुभवाचं पत्र हातात पडेपर्यंत दम धरायचा, असं तिनं ठरवलंय. आणि मी रोज सकाळी डबा भरून देते, पोर कामाला चालली म्हणून मिरवते. एका घरात राहून मला कळू नये?

थोडा राग तुमच्यावरही आहे. आठवतं ना, मधली खोली बांधताना चौथीतल्या कल्याणीनं विचारलं होतं, "इथं खिडकी कुठाय, अप्पा?" तुम्ही गवंड्याला थांबवलंत, भिंत फोडायला लावलीत आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलंत की पोरगी आर्किटेक्ट होणार. हौस चांगलीच होती हो. पण शिकून पुढे काय, हे कुणाला विचारलंत? मीही नाही विचारलं.

मग मी तिला बायोडेट्याचं सांगितलं. ती रडली नाही. ताट बाजूला सारून म्हणाली, "मग लग्नानंतर दर महिन्याला तेवढे पैसे मी कुठून आणायचे?"

त्यात आज दुपारी मुलाच्या आईचा फोन. किती गोड बोलल्या! "ताई, पोरगा नांदे गावात फ्लॅट बघतुया. दोघांच्या पगारावर हप्ता बसंल म्हनतोय." मी नुसतं हं म्हटलं आणि फोन ठेवला. त्या 'हं'ची मला सगळ्यात जास्त भीती वाटतेय.

भाऊजींना लगेच सांगितलं, की मी पाहुण्यांना खरं काय ते सांगणार. ते उठूनच उभे राहिले. "बोलून बगा वैनी. मोडलं तर पुन्यांदा माज्याकडं येऊ नगा. कुटल्याच कामाला."

कुठल्याच कामाला, असं म्हणाले.

कधी पाहुण्यांत तोंड उघडलंय का मी? तुम्ही बोलायचात, मी आत पोहे परतायचे. रविवारी मी बाहेर बसणार आहे. पोह्यांच्या बशा यायच्या आधीच सांगणार आहे, की आमच्या मुलीला काम येतं, पण सध्या पगार मिळत नाही, आणि कागदावरचा आकडा तिचा नाही. एवढंच. पुढे स्थळ राहील की जाईल, भाऊजी दारात पाय ठेवतील की नाही, मला काही माहीत नाही. पण शब्द देते तुम्हाला. तिला सासरी एकटीनं हे खोटं निस्तरावं लागण्यापेक्षा, चार माणसांत माझा आवाज कापलेला बरा.

तुमची,
शोभा