तुझा गोल मले नको

सर, मला मैदानात उतरवायचंच नव्हतं तर अमरावतीपर्यंत नेलं कायले? हे मी तेव्हाच विचारणार होतो, येताना बसमध्ये, पण तुम्ही पुढच्या सीटवर डोळे मिटून बसला होता आणि मला वाटलं, झोपेचं सोंग आहे. आजही तसंच वाटतं. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. मी तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात आहे, त्याआधी सुरतेला होतो, त्याच्याही आधी पुण्यात दोन ठिकाणी, आणि कुठंच वर्षभर टिकलो नाही, तरी हे भांडण माझ्याबरोबर हिंडून राह्यलं. परवा इथला सुपरवायझर म्हणाला, तुझा हात साफ आहे. माझ्या मनात पहिले काय आलं, तर याला आता माझ्याकडून काय पाहिजे? रविवारी कामावर बोलावणार असेल. आणि बोलावलंच त्यानं. कोणी चांगलं बोललं की त्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचं, ही सवय मला तुमच्या मैदानावर लागली.

तुम्ही मला बोलावलं नव्हतं, हे मी नाकारत नाही. बारावी दुसऱ्या खेपेला निघाली आणि मी बीएला नाव टाकलं ते फक्त फुटबॉलसाठी. आश्रमशाळेत खेळलो होतो, तेवढंच येत होतं. आर्णीजवळच्या आमच्या तांड्यावरून सायकल हाणत कॉलेजच्या मैदानावर आलो, तर तिथं दोन जातीचे पोरं. एक खेळाच्या कोट्यातले, जिल्ह्याजिल्ह्यातून आणलेले. त्यांना फी माफ, होस्टेल, सकाळी उकडलेली अंडी. आणि दुसरे आम्ही सहा-सात जण, आपल्या पायानं आलेले, ज्यांना सगळे ‘वरचे’ म्हणत, म्हणजे मोजणीच्या वरचे, जादा. वरच्यांनी फक्कीनं मैदानाच्या रेघा मारायच्या, जाळी बांधायची आणि मग कोट्यातल्यांच्या समोर उभं राहायचं. पुढची मॅच ज्या कॉलेजशी असेल त्यांचा खेळ बघायला तुम्ही मोटरसायकलवर जायचे, कधी दारव्हा, कधी वाशीम, आणि आल्यावर त्यांचे खेळाडू आम्हाला वाटून द्यायचे. तू त्यांचा गोलकीपर. तू त्यांचा चार नंबर, मारकुट्या आहे, पायावर जाय. तू त्यांचा दहा. त्या वर्षी मी मोजून नऊ जण झालो असेन. आपला कॅप्टन, तो नऊ नंबरवाला, रोज दुपारी मला बघितलं की ओरडायचा, “अबे, आज कोण हायेस? आधार कार्ड दाखव पहिले!” सगळे हसायचे. मीही हसायचो, मला तेव्हा त्यात मजा वाटत होती.

मला तुम्ही घरी न्यायचे. कोट्यातल्या एकालाही कधी नेलं नाही. संध्याकाळी पाच-साडेपाचला काकूंच्या स्वयंपाकघरात खाली बसायचं, आणि तुम्ही डब्यातून तुरीची डाळ घेऊन फरशीवर मांडायचे. हा त्यांचा बॅक, हा आपला, हा इकडून पळतो. काकू भाकरी थापता थापता बघत राहायच्या.

“म्या निवडून ठेवली होती ते डाळ,” त्या म्हणाल्या एकदा. “साऱ्या डाळीची टीम करून टाकली तं वरन कायचं करू?”

“अवं, गोलकीपर तेवढा राहू दे,” तुम्ही म्हणाले.

“आन् तू रे? जेवून जाय बाप्पा. हे तं तुले नुसती तूरच दाखवतीन.”

अंबाडीची भाजी होती त्या दिवशी, वर फोडणीचं तेल. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि तांड्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं की सरांच्या घरी जेवून आलो. पुढं पुण्यात एका खोलीत सात जणांमध्ये झोपताना मी त्या भाकरीचा पुन्हा विचार केला. कोट्यातल्यांना मेस होती. तुम्हाला मला काहीच द्यावं लागत नव्हतं, ना फीमाफी, ना अंडी, फक्त मी येणं बंद करू नये एवढी सोय पाहिजे होती. कामाच्या दिवसांत बैलाला सरकीची ढेप जास्त घालतात, तसं. काकूंवर मी शंका घेत नाही. तुमच्यावर घेतो.

कारण त्याच आठवड्यातली गोष्ट आहे. अमरावतीच्या एका कॉलेजशी मॅच होती आणि मी त्यांचा सात नंबर होतो. उजवीकडून पळायचं, चेंडू पायात आला की एक क्षण थांबायचं, डावा खांदा पाडायचा आणि बाहेरून निघून जायचं. तीन आठवडे मी तो माणूस झालो होतो. खांदा पाडून पाडून मान आखडली होती. आणि एक दिवस मला काय झालं माहीत नाही, मी खांदा पाडला, पण बाहेर न जाता आत घुसलो, दोघांना टाकलं आणि डाव्या पायानं मारला. कोपऱ्यात. आपला गोलकीपर जागचा हलला नाही. वरच्यांनी मला उचललं. तुम्ही शिट्टी मारली.

“कोन खेळला हे?”

“मी, सर.”

“तो असा आत येते का?”

“नाही सर, पण जागा होती...”

“मंग हा गोल त्याचा नाही, तुझा हाय. तुझा गोल मले नको.”

तुम्ही चेंडू परत मधे ठेवायला लावला. नऊ नंबरवाला सुद्धा हसला नाही. मी पुन्हा खांदा पाडायला लागलो, बाहेरून, बाहेरून, अंधार पडेपर्यंत. सर, त्यानंतर मला चार मालकांनी शिव्या दिल्या, एकानं हातही उचलला, त्यातलं काही आठवत नाही. हे वाक्य तेवढं रोज आठवते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही तांड्यावर हजर. बाप मला पुण्याला ठेकेदाराकडे पाठवायच्या गोष्टी करत होता, आणि मीही हो म्हणालो होतो. माझी आई, आम्ही याडी म्हणतो, तिनं घाईघाईत चहा ठेवला आणि साखर जास्त टाकली. तुम्ही खाटेवर बसून बापाला म्हणाले, “हा गेला तं माझी अर्धी टीम गेली समजा.” कोट्यातल्या एखाद्याच्या बापाला तुम्ही हे म्हटलं असतं तर त्यानं लगेच काहीतरी मागून घेतलं असतं. माझ्या बापानं फक्त टोपी नीट केली. महिनाभर तो ज्याला-त्याला सांगत होता, सर म्हणतात अर्धी टीम. मला तेव्हाच वाटलं, मॅचला आठ दिवस आहेत, सात नंबर कोण करणार? खरंच अर्धी टीम होतो, तर माझा गोल का नको होता?

मग अमरावती. सोळा जणांत माझं नाव होतं, वरच्यांपैकी माझं एकट्याचं. पहिला अर्धा भाग मी बाकावरून बघतो आहे आणि त्यांचा खराखुरा सात नंबर माझ्यासमोर पळतो आहे. थांबतो, खांदा पाडतो, आणि आपला बॅक आधीच बाहेर जाऊन उभा. एकदा, दोनदा, पाचदा. तो सात नंबर वैतागून हात झटकतो. त्याला काय माहीत, त्याच्याच पायानं आपल्या बॅकला तीन आठवडे तुडवून शिकवलं होतं. कोणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. एक-एक बरोबरी होती, वीस मिनिटं उरली होती, आणि आपल्या उजव्या बाजूवाल्याच्या पोटरीत गोळा आला. तुम्ही बाकापाशी आले आणि पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. कोट्यातल्या. घोट्याला पट्टी बांधलेल्या. तो लंगडत गेला, लंगडत खेळला आणि शेवटच्या पाच मिनिटांत आपल्यावर गोल झाला. मी त्यानंतर मैदानावर आलो नाही. आठ दिवसांत पुण्याची गाडी धरली. तुमचे फोन आले, सहा-सात तरी, मी उचलले नाहीत. मला वाटलं, पुढची मॅच आली असेल.

आता गेल्या आठवड्यात नऊ नंबरवाल्याचा फोन आला. तो आता तिथंच एका शाळेत खेळ शिकवतो. तुमच्या नावानं पोरांची स्पर्धा घेऊन राह्यले म्हणे, सगळ्या जुन्या पोरांकडून पाचशे-पाचशे. मी म्हटलं, पैसे लागले तेव्हा बरा आठवलो. तो चिडला नाही.

“अबे, सर तुझं लय इचारत. बिमार होते तवाबी. म्या एकदा इचारलं त्यायले, त्या दिवशी त्याले काहून नाही उतरवलं? तं म्हणे, राहू दे, माझीच चुकी झाली.”

मी फोन ठेवला आणि दोन दिवस हवेत होतो. बघा, कबूल केलं. मशीनवर एकटाच बोलत होतो, शेजारचा तमिळ पोरगा बघायला लागला. हे पत्र मी त्याच जोरात लिहायला घेतलं, तुम्हाला तुमच्याच शब्दांत पकडायचं म्हणून. पण इथपर्यंत लिहीत आलो आणि आता पुढचं लिहिल्याशिवाय गत नाही. तुम्ही बाकापाशी आले तेव्हा आधी माझ्यासमोर उभे राहिले. “जातं का रे?” एवढंच म्हणाले. मी खाली वाकलो. “सर, एक मिनिट, लेस,” म्हणालो. लेस बांधलेली होती. मी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. तुमचे बूट मला दिसत होते, काळी माती लागलेले, बराच वेळ हलले नाहीत. तुम्ही फक्त जातं का विचारलं होतं. कोण होऊन जायचं ते सांगितलं नव्हतं, आणि मला माझा खेळ आठवेना. मग तुम्ही त्या लंगड्या पोराला हाक मारली. बाकावर आपलं हे बोलणं त्या पोराशिवाय कोणाला ऐकू गेलं नसेल. तुम्ही कोणालाच सांगितलं नाही.

मी पण आजवर नाही सांगितलं. नऊ नंबरवाल्याला सांगेन की नाही, माहीत नाही. हे पत्र तर पाठवायचा प्रश्नच नाही. पैसे आज पाठवतो. पावती मागितली आहे त्याला, त्याचा काय भरोसा. पाचशे म्हणाला होता, मी पाठवतो ते पंधराशे रुपये.